बहिणाबाईंची गाणी आणि त्यांचे आयुष्य

बहिणाबाई चौधरी यांचे चरित्र लिहू पाहणाऱ्याजवळ साधने फार थोडी आहेत. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे पत्रे, रोजनिशी असे काही मागे राहिलेले नाही. 1880 साली जळगावजवळच्या असोदे येथे महाजनांच्या घरी जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी विवाह, 1910 मध्ये वैधव्य, पुढे शेती व घर यांचा भार, आणि 3 डिसेंबर 1951 रोजी निधन, एवढाच तपशील हाती लागतो. उरलेले चरित्र गाण्यांतच शोधावे लागते, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

जात्यावरची ओवी ही कोणा एकीची नसते. सासुरवाशिणीचे दुःख, माहेरची ओढ, भावाची वाट हे विषय खानदेशातील प्रत्येक घरात दळणाबरोबर गायिले जात होते. तेव्हा बहिणाबाईंच्या गाण्यात माहेर आले म्हणून ते लगेच आत्मचरित्र ठरत नाही. मात्र त्यांचे माहेर परंपरेतल्यासारखे दूरदेशीचे नाही. असोदे जळगावच्या अगदी जवळ आहे. त्या वाटेवरचे दगड, तापलेली माती, पायाला लागलेली ठेच हे सारे चालून पाहिलेले आहे. पुन्हा, मुलीला माहेर मिळावे म्हणून आई सासरी नांदते हा त्यांचा विचार रूढ माहेरगीतात सहसा येत नाही. काशी या लेकीची आई झालेल्या स्त्रीलाच तो सुचावा, असे वाटते.

वैधव्याची गाणी या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होत. पती गेले तेव्हा बहिणाबाई तिशीच्या होत्या आणि धाकटा सोपान जेमतेम तीन वर्षांचा. थोरल्या ओंकारला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले होते. या गाण्यांत कुंकू पुसले जाते, बांगड्या फुटतात; येथपर्यंत ती परंपरेच्या वाटेनेच चालतात. पण नंतर ती वळण घेतात. गोंदण पुसता येत नाही आणि मनगटातले कर्तृत्व बांगडीबरोबर फुटत नाही, याकडे त्या लक्ष वेधतात. भविष्य सांगायला आलेल्या ज्योतिषाला त्या दारातूनच परत पाठवतात. समोर दोन मुले आहेत म्हणून स्वतःच्याच जिवाला रडू नकोस असे बजावतात. या गाण्यांना केवळ करुण म्हणणाऱ्या समीक्षकांनी त्यांतला हा वाद ऐकलेला नाही, असे म्हणावे लागते. शोक आहेच, परंतु सांत्वनाला आलेल्यांची कीवही कवयित्रीला नको आहे.

घरोट, चूल, मोट, सुगरणीचा खोपा या विषयांवरील गाण्यांची प्रेरणा वेगळी शोधण्याचे कारण नाही. ती कामातच होती. येथे त्यांची विनोदबुद्धीही दिसते. ज्यातून पीठ येते त्याला जाते का म्हणावे, हा त्यांचा आक्षेप हातात खुंटा धरलेल्या बाईचाच असू शकतो.

ही गाणी टिकली ती मात्र योगायोगाने. शाळकरी सोपानने पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची कथा घरी वाचून दाखविली आणि आईने त्यावर गाणे रचले, असे सांगितले जाते. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जे टिपून घेतले ते उरले. शेतात, दळताना रचलेले बाकीचे हवेत विरले. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी हे हस्तलिखित आचार्य अत्रे यांना दाखविले आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. टिपणारा स्वतः कवी होता, ही गोष्ट अभ्यासकाने नजरेआड करू नये. असे असले तरी सोपानदेवांच्या स्वतःच्या कवितेचे वळण निराळे, नागर आहे. लेवा गणबोलीतली ही रोखठोक रचना त्या वळणात बसत नाही. आपल्या ओळी छापून आलेल्या बहिणाबाईंनी कधी पाहिल्या नाहीत. पाहिल्या असत्या तरी त्या कोणाकडून तरी वाचून घ्याव्या लागल्या असत्या.