रमाबाई रानडे

रमाबाई महादेव रानडे (२५ जानेवारी १८६२ – एप्रिल १९२४) या महाराष्ट्रातील समाजसुधारक, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि मराठी लेखिका होत्या. पुणे सेवासदन या संस्थेच्या त्या संस्थापक. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या त्या पत्नी होत. पतीच्या निधनानंतर त्यांनी विधवा आणि निराधार स्त्रियांना अक्षरज्ञानाबरोबर रुग्णसेवा, अध्यापन, शिवणकाम व हस्तव्यवसाय यांचे शिक्षण मिळावे म्हणून संस्थात्मक काम उभे केले. आमच्या आयुष्यातील कांही आठवणी हे त्यांचे आत्मचरित्र मराठीतील सुरुवातीच्या स्त्रीलिखित आत्मचरित्रांपैकी एक महत्त्वाचा ग्रंथ मानले जाते.

जन्म आणि विवाह

रमाबाईंचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे घरातील मुलींना लिहावाचायला शिकवले जात नसे. त्यामुळे विवाहापर्यंत त्यांना अक्षरओळखही नव्हती.

डिसेंबर १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांच्या पहिल्या पत्नीचे त्याच वर्षी निधन झाले होते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून ते प्रसिद्ध असल्याने त्यांनी एखाद्या विधवेशी विवाह करावा, अशी सुधारक मंडळींची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना आपला विचार बाजूला ठेवावा लागला. या प्रसंगावरून रानड्यांवर पुढे बरीच टीका झाली.

शिक्षण

विवाहानंतर लगेचच रानड्यांनी पत्नीला शिकवायला सुरुवात केली. मराठी लेखन-वाचनानंतर इतिहास, भूगोल, गणित आणि पुढे इंग्रजी असा अभ्यासक्रम चालू राहिला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मान्य नव्हते. रमाबाईंना टोमणे, अबोला आणि कामाचा जादा बोजा सहन करावा लागे. पतीची इच्छा आणि घरातील स्त्रियांचा रोष यांमध्ये त्यांची सतत ओढाताण होत असे. या काळाचे तपशीलवार चित्र त्यांनी आत्मचरित्रात रेखाटले आहे. त्यात विरोध करणाऱ्या स्त्रियांविषयी कटुता फारशी आढळत नाही.

रानड्यांची बदली १८७८ मध्ये नाशिकला आणि पुढे धुळ्याला झाली. एकत्र कुटुंबापासून दूर राहिल्याने रमाबाईंच्या अभ्यासाला वेळ व मोकळीक मिळाली. सार्वजनिक समारंभात बोलण्याचा पहिला अनुभवही त्यांनी नाशिकलाच घेतला.

पुण्यातील सार्वजनिक कार्याचा आरंभ

पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. रमाबाई रानडे या समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. घरी त्यावरून वादळ उठले. याच सुमारास मिस हरफर्ड या शिक्षिकेकडे त्यांचे इंग्रजीचे शिक्षण सुरू झाले. मुलींसाठी हायस्कूल काढावे या मागणीच्या सभेत त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले. १८८४ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही शाळा पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आली.

दख्खनमधील शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून दिलासा देण्यासाठी १८७९ मध्ये करण्यात आलेला कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. या कायद्याखालील न्यायदानाच्या तपासणीचे काम १८८० च्या दशकात रानड्यांकडे होते. आजचा माळशिरस तालुका याच प्रदेशात येतो. या फिरतीच्या काळात रमाबाई पतीसोबत असत. मुक्कामाच्या गावी मुलींची शाळा असल्यास ती पाहणे आणि तेथील स्त्रियांना एकत्र जमवून शिक्षणाचे महत्त्व सांगणे हा त्यांचा क्रम झाला. शहरातील सुशिक्षित घरांपलीकडच्या स्त्रियांच्या अडचणी त्यांना या प्रवासात जवळून दिसल्या.

मुंबईतील वास्तव्य

रानडे १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि हे कुटुंब मुंबईस आले. रमाबाईंनी तेथे हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब या संस्थेचे काम उभारले. या क्लबमार्फत स्त्रियांसाठी भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम आणि हस्तकाम यांचे वर्ग चालवले जात. शिक्षणाला हाताच्या कामाची जोड देण्याचा त्यांचा विचार या वर्गांतून प्रथम आकारास आला. पुढे सेवासदनात त्याचा विस्तार झाला.

न्यायमूर्ती रानडे यांचे १६ जानेवारी १९०१ रोजी निधन झाले. त्यानंतर रमाबाई पुण्याला परतल्या आणि सुमारे वर्षभर सार्वजनिक जीवनापासून दूर राहिल्या. पुढे येरवडा तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटून त्यांना धीर देण्याचे काम त्यांनी सुरू केले. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

सेवासदन

बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन सुरू केले. त्याच्या अध्यक्षपदाची जबाबदारी रमाबाईंनी स्वीकारली. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात रानड्यांच्या वाड्यात पुणे सेवासदनाची स्थापना झाली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कार्यातील त्यांचे प्रमुख सहकारी होते. संस्थेची आर्थिक व संघटनात्मक घडी बसवण्यात देवधरांचा, तर समाजाचा विश्वास मिळवण्यात रमाबाईंचा वाटा मोठा होता.

संस्थेत प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक शिक्षणाचे वर्ग, शिक्षिकांचे प्रशिक्षण, परिचारिकांचे शिक्षण आणि औद्योगिक विभाग अशी कामे चालत. परपुरुषाची शुश्रूषा करण्याचे काम प्रतिष्ठित घरातील स्त्रियांना न शोभणारे, अशी तेव्हाची समजूत होती. त्यामुळे ससून रुग्णालयात प्रशिक्षणासाठी विद्यार्थिनी पाठवताना कडवा विरोध झाला. रमाबाईंनी घरोघरच्या वडीलधाऱ्यांची समजूत काढून हा मार्ग मोकळा केला.

शिवणकाम आणि हस्तव्यवसायाचे शिक्षण

विधवा स्त्रीचे परावलंबन हा रमाबाईंच्या विचाराचा केंद्रबिंदू होता. पतीच्या मागे सासरी वा माहेरी आश्रित म्हणून राहणे एवढाच पर्याय अशा स्त्रीपुढे असे. शाळेत शिकण्याचे वय उलटून गेलेल्या, शिक्षिका किंवा परिचारिका होण्याइतके शिक्षण घेऊ न शकणाऱ्या स्त्रियांसाठी चार पैसे मिळवून देणारे काम हवे होते. शिवण, भरतकाम आणि विणकाम ही कामे घरात बसून करता येत. त्यांना रूढीचा विरोधही तुलनेने कमी होता. त्यामुळे औद्योगिक विभागात या कामांना महत्त्वाचे स्थान मिळाले.

पारंपरिक महाराष्ट्रात कपडे शिवणे हा मुख्यतः शिंपी समाजातील कारागिरांचा व्यवसाय होता. स्त्रियांचे लुगडे न शिवता नेसले जाई. घरातल्या स्त्रिया हातशिवणीने चोळ्या, लहान मुलांची झबली आणि गोधड्या शिवत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाने किंवा हाताने चालणारे शिवणयंत्र भारतात येऊ लागले. अमेरिकेतील सिंगर कंपनीच्या यंत्रांचा त्यात मोठा वाटा होता. पोलके, परकर, सदरा अशा शिवलेल्या कपड्यांची मागणी वाढत गेली आणि शिवणकलेला शहरी घरात उत्पन्नाचे साधन म्हणून नवे मोल आले.

यंत्रावरील शिवण शिकण्याला ठरावीक क्रम लागतो. पायडलवर चालणाऱ्या यंत्रावर नवशिक्या विद्यार्थिनीला प्रथम दोरा न ओवता पायांची लय साधावी लागते. लय चुकली की चाक उलटे फिरते आणि दोरा तुटतो. त्यानंतर सरळ टीप, मग गोलाईवरील टीप, कापडाचे बेतणे आणि शेवटी भरतकाम असा पुढचा प्रवास असतो. भरतकामासाठी कापड रिंगमध्ये ताणून बसवतात, कापड दाबून धरणारा पाय काढून टाकतात आणि कापड पुढे सरकवणारे दात निकामी करतात. मग सुई जागच्या जागी वरखाली होत राहते आणि नक्षीच्या रेषेप्रमाणे रिंग दोन्ही हातांनी फिरवावी लागते. पायाची गती आणि हाताची चाल यांचा मेळ बसला तरच टाके एकसारखे पडतात. ही कला शिकण्यास लेखन-वाचनाची पूर्वअट नसते, पण मापे घेण्यासाठी आणि हिशेब ठेवण्यासाठी अंकज्ञान आवश्यक ठरते. त्यामुळे साक्षरतेचे वर्ग आणि हस्तव्यवसायाचे वर्ग एकाच छताखाली असणे विद्यार्थिनींना उपयुक्त होते.

अन्य सार्वजनिक कार्य

पुणे नगरपालिकेच्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करताना ते केवळ मुलांपुरते ठेवावे की मुलींनाही लागू करावे, हा वाद १९२० च्या सुमारास तीव्र झाला. मुलींचा समावेश व्हावा यासाठी रमाबाईंनी स्त्रियांना संघटित केले. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा या चळवळीतही त्या अग्रभागी होत्या. १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळाने या मागणीस मान्यता दिली. फिजी आणि केनिया येथील हिंदी लोकांच्या प्रश्नांवरही त्यांनी आवाज उठवला.

लेखन

आमच्या आयुष्यातील कांही आठवणी हे आत्मचरित्र १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यास गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. न्यायमूर्ती रानड्यांचे घरगुती जीवन, एकत्र कुटुंबातील स्त्रियांचे परस्परसंबंध आणि पुण्यातील सुधारणावादी चळवळ यांची माहिती देणारे साधन म्हणून अभ्यासक त्याचा उपयोग करतात. कुसुमावती देशपांडे यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. रानड्यांच्या धर्मपर व्याख्यानांचा संग्रहही रमाबाईंनी प्रसिद्ध केला.

मूल्यमापन आणि वारसा

रमाबाईंचा मार्ग समन्वयाचा होता. घरातील रूढ आचारांशी त्यांनी उघड संघर्ष केला नाही. यामुळे काही सुधारकांना त्यांची भूमिका सौम्य वाटली. मात्र या सौम्यतेमुळेच जुन्या वळणाच्या कुटुंबांनी आपल्या सुना-मुली सेवासदनात पाठवल्या. मुलगी परधर्मात जाईल किंवा घरापासून तुटेल, ही भीती त्यांच्या व्यक्तिमत्त्वामुळे कमी झाली.

एप्रिल १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. महात्मा गांधींनी यंग इंडियातून त्यांना आदरांजली वाहिली. सेवासदनाचे कार्य पुण्याबाहेरही पसरले. सोलापूर येथील सेवासदन संस्था मुलींच्या शिक्षणासाठी परिचित आहे. जन्मशताब्दीच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९६२ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांच्या जीवनावर आधारित उंच माझा झोका ही मालिका २०१२ मध्ये झी मराठी वाहिनीवर प्रसारित झाली.

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी आज चालणाऱ्या शिवणवर्गांत यंत्रे विजेवर चालतात आणि सदऱ्या-परकरांच्या जोडीला टी-शर्टवरील भरतकामही शिकवले जाते. स्त्रीच्या हाती स्वतःची कमाई असावी हा या वर्गांमागचा हेतू मात्र सेवासदनाच्या औद्योगिक विभागाचाच आहे.