वाळलेला थेंब : रॉबर्ट गथ्री

मुळशीच्या पावसात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. म्हणूनच बहुधा, रक्ताचा थेंब कागदावर वाळवणारा रॉबर्ट गथ्री (१९१६-१९९५) मला एकदम आवडला.

हा अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. आधी कॅन्सरवर काम करायचा. मुलगा जॉन जन्मापासून बौद्धिकदृष्ट्या अपंग. त्यात १९५८ साली बायकोच्या बहिणीच्या मुलीला पीकेयू निघाला. या आजारात फेनिलअ‍ॅलनिन रक्तात साठून मेंदू बिघडतो. जन्मल्याबरोबर कळलं तर नुसत्या पथ्याने मूल वाचतं. तिचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. गथ्रीने कॅन्सर सोडला. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन फिल्टर पेपरवर वाळवायचे, तो तुकडा जिवाणूंच्या थाळीत ठेवायचा. भोवती जिवाणूंचं कडं मोठं उमटलं की समजायचं. बस्स! नमुना साध्या टपालाने जायचा. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ही चाचणी सक्तीची केली. गथ्रीने तिच्यावर स्वतःसाठी रॉयल्टी घेतली नाही.

आज तसल्याच कागदावर रक्तातलं औषधही मोजतात. प्लाझ्मा गोठवून ठेवावा लागतो. वाळलेल्या थेंबात पाणी नाही, म्हणून एन्झाइम थंडावतात. तरी प्रत्येक औषध टिकेलच असं नाही. त्यासाठी रक्तात मोजून औषध मिसळायचं, थेंब वाळवायचे, काही दिवस उकाड्यात आणि दमट हवेत ठेवायचे, मग ताज्या थेंबांशी ताडून बघायचं. ताम्हिणीहून पुण्याला बर्फाशिवाय नमुना पाठवायचा तर हे आधी करावंच लागेल. आणि आषाढात पाकिटात सिलिका जेलची पुडी हवीच.