अ‍ॅलन ट्युरिंग : यंत्राच्या बुद्धीचे परीक्षक

संगणक माणसाइतका हुशार झाला का, ही चर्चा हल्ली आपल्या मंडळातही रंगते. पण माणसाइतका हुशार म्हणजे नेमके काय? हे पारखण्याची रीत सुचवणाऱ्या अ‍ॅलन ट्युरिंग यांचे आपल्या रेल्वेशी जुने नाते आहे. त्यांच्या आईचे वडील एडवर्ड स्टोनी हे मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनिअर. आईचा जन्म पोदनूरचा. वडील मद्रास इलाख्यात आय.सी.एस. अधिकारी. अ‍ॅलन मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनला जन्मले. आईवडील हिंदुस्थानात असल्याने त्यांचे बालपण बरेचसे इंग्लंडमध्ये परक्या घरी गेले.

१९३६ मध्ये त्यांनी एक काल्पनिक यंत्र मांडले. लांब फीत, तिच्यावर चिन्हे आणि ठरावीक नियम. नियम बदलले की तेच यंत्र वेगळे काम करील. आजचे संगणक याच तत्त्वावर चालतात. महायुद्धात त्यांनी ब्लेचली पार्क येथे जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश उलगडण्याचे मोलाचे काम केले. ते पुढे कित्येक वर्षे जगाला कळले नाही.

यंत्र विचार करते का, या प्रश्नावर १९५० मध्ये त्यांनी व्याख्येचा घोळ घातला नाही. चाचणी सुचवली. परीक्षकाने नजरेआड असलेल्या माणसाला व यंत्राला लेखी प्रश्न विचारायचे आणि केवळ उत्तरांवरून ओळखायचे. आपणही पूल पास करतो तो भार देऊनच!

२०२५ मध्ये अमेरिकेत झालेल्या अशा चाचणीत, पाच मिनिटांच्या संभाषणानंतर, परीक्षकांनी एका संगणक प्रणालीला ७३ टक्के वेळा माणूस ठरवले. म्हणजे प्रश्न सुटला का? मला तसे वाटत नाही. एक गाडी सुखरूप गेली म्हणून पूल कोणत्याही भाराला पास होत नाही. बोलणे जमले, चुकीची जबाबदारी घेणे, दुसऱ्याचे दुःख जाणणे याची परीक्षा अजून बाकी आहे.

ती परीक्षा माणसेही नापास होतात. १९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल ट्युरिंग यांच्यावर खटला झाला. तुरुंग टाळण्यासाठी त्यांना हार्मोनचे उपचार घ्यावे लागले. ७ जून १९५४ रोजी, अवघ्या ४१ व्या वर्षी, सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत ती आत्महत्या ठरली. राजमाफी मिळाली ती २०१३ मध्ये, आणि २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले.

यंत्राला केवळ उत्तरांवरून पारखा, असे सांगणाऱ्या या माणसाला त्याच्या काळाने त्याच्या कामावरून पारखले नाही. माझे वय आज त्यांच्याहून अधिक आहे. पोदनूर जंक्शनचे नाव वाचले की त्यांची आठवण होते.