साने गुरुजी : छात्रालयातील वाचक आणि श्यामचे घर

पांडुरंग सदाशिव साने यांच्या वाङ्मयाची चर्चा बहुधा 'श्यामची आई'पासून सुरू होते आणि मातृप्रेमाच्या गौरवाशी येऊन थांबते. या पुस्तकाची लोकप्रियता एवढी मोठी आहे की तिच्या छायेत त्याचा लेखक मुळात शाळामास्तर होता, मुलांच्या हाती वाचावयास काय द्यावे या नित्याच्या अडचणीतून तो लेखनाकडे वळला होता, ही गोष्ट मागे पडली. गुरुजींनी शिक्षकाची नोकरी जेमतेम सहा वर्षे केली. परंतु त्यांच्या पुढील सर्व लेखनाचा वाचक त्या सहा वर्षांत घडला. तो वाचक कोण होता आणि पुढे कोणकोणत्या मुलांना त्या वर्तुळात जागा मिळाली, या दृष्टीने त्यांचे चरित्र पाहिल्यास त्यांच्या वाङ्मयातील काही अंतर्विरोधही स्पष्ट होतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड हे त्यांचे जन्मगाव. जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. घराणे खोतांचे, परंतु वडील सदाशिवराव यांच्या काळात कर्जाने पोखरलेले. आई यशोदाबाई. पालगड, दापोली, औंध आणि पुणे असे त्यांच्या शिक्षणाचे टप्पे पडले, ते हौसेने पडले नाहीत. गरीब विद्यार्थ्याला कोठे जेवण मिळते, कोठे शुल्क माफ होते याचा शोध घेत हा मुलगा गावोगाव फिरला. औंधचा आसरा प्लेगमुळे सुटला. १९१७ च्या नोव्हेंबरात आई गेली, तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. या वियोगाचे पडसाद पुढील लेखनात किती उमटले हे सर्वविदित आहे.

या बालपणातील एक धागा मात्र समीक्षकांनी फारसा हाती घेतलेला नाही, तो पुस्तकांच्या भुकेचा. 'श्यामची आई'तील एका प्रकरणात श्याम चोरी करतो. ती खाऊसाठी किंवा खेळण्यासाठी नसते. पुस्तके वाचून माणूस मोठा होतो अशी त्याची समजूत झालेली असते, आणि ती विकत घेण्यासाठी तो पैसे उचलतो. आईच्या संस्काराची कथा म्हणून हे प्रकरण वाचले जाते आणि ते तसे आहेही. परंतु ज्या घरात पुस्तक विकत घेणे अशक्य आहे अशा घरातील मुलाच्या वाचनाची ती कथा आहे, हेही तितकेच खरे. पुढे शिक्षक झाल्यावर गुरुजींनी मुलांसाठी वाचनाची जी सोय केली ती विनामूल्य होती, हा योगायोग म्हणता येणार नाही.

पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून ते मॅट्रिक झाले आणि न्यू पूना कॉलेजातून १९२२ साली पदवीधर झाले. त्यानंतर तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. एम्.ए. झाल्यावर १९२४ च्या जूनमध्ये तेथील प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक म्हणून रुजू झाले आणि शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

या छात्रालयाविषयी बऱ्याच आठवणी सांगितल्या जातात. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे ही सर्व कामे ते स्वतः करीत. या सेवाभावाचे कौतुक होते, आणि त्या कौतुकात त्यांचे दुसरे काम झाकून जाते. छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचे एक हस्तलिखित दैनिक सुरू केले. मजकूर त्यांचा, अक्षरही त्यांचेच. थोरांची चरित्रे, देशोदेशींच्या घडामोडी, साहित्यातील कथा, निसर्गातील चमत्कार, क्वचित छात्रालयातीलच एखाद्या प्रसंगावर सौम्य टिप्पणी, असा त्याचा ऐवज असे. दिवसभर वर्गात शिकवून रोज एवढे लिहिणे हा परिश्रमाचा भाग झाला. वाङ्मयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की या लेखकाला आपला वाचक रोज समोर दिसत होता. काल लिहिलेले मुलांनी वाचले की नाही, कोणत्या वाक्याशी ती अडखळली, कोणती गोष्ट त्यांनी पुन्हा मागितली, हे त्याला त्याच दिवशी कळत असे. मराठीत असे भाग्य फार थोड्या लेखकांच्या वाट्याला आले असेल.

गुरुजींच्या शैलीची जी वैशिष्ट्ये सांगितली जातात ती येथेच पक्की झाली असली पाहिजेत. लहान वाक्ये, एकच भाव दोन-तीन वेळा फिरवून सांगण्याची लकब, मध्येच थांबून ऐकणाऱ्याला विचारलेला प्रश्न, हे सारे मोठ्याने वाचून दाखवावयाच्या गद्याचे गुण आहेत. एकांतात वाचणाऱ्या प्रौढ रसिकाला हे गद्य पाल्हाळिक आणि अश्रुसुलभ वाटते, आणि तो आक्षेप खोडून काढता येण्याजोगा नाही. परंतु तीस-चाळीस मुलांच्या वर्गात तेच पान एखाद्या शिक्षकाने वाचले की त्यातील पुनरुक्तीचे प्रयोजन ध्यानात येते. मागच्या बाकावरील मुलाचे लक्ष उडालेले असते, त्याला वाक्य पुन्हा पकडता येते. छापील पानावर दोष ठरणारी गोष्ट कथनात सोय ठरते.

या छात्रालयातील मुले खेड्यापाड्यांतून शिकण्यासाठी आलेली. कोकणातील ब्राह्मण घरात वाढलेल्या शिक्षकाला खानदेशातील या मुलांच्या घरांची ओळख होत गेली, ती त्यांच्या आजारपणातून, सुट्टीनंतरच्या गप्पांतून, थकलेल्या शुल्कातून. 'धडपडणारी मुले' या कादंबरीची सामग्री या सहवासातून आली आहे. कादंबरी म्हणून तिची बांधणी शिथिल आहे. तरीही शाळकरी आणि तरुण मुलांचा एक समूह नायकाच्या जागी ठेवण्याची तिची कल्पना त्या काळात नवी होती.

१९३० च्या एप्रिलअखेर गुरुजींनी नोकरी सोडली आणि ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. तुरुंगवासाचा पहिला काळ धुळे आणि नंतर दक्षिणेतील त्रिचनापल्ली येथे गेला. त्रिचनापल्लीत तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम बोलणारे राजबंदी सभोवती होते, आणि आपल्याला त्यांच्यापैकी एकाचीही भाषा येत नाही याची खंत गुरुजींना लागली. तिरुवळ्ळुवरांच्या 'कुरल'चा त्यांनी केलेला मराठी अनुवाद हे या खंतीचे पहिले फळ. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली ती गुरुजींनी उतरवून घेतली म्हणून मराठीला मिळाली. ऐकलेले तत्काळ लिहून काढण्याची ही हातोटी हस्तलिखित दैनिकाच्या सरावाने आलेली होती, असे मानावयास हरकत नाही.

नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाली आणि १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्या रचनेकडे येथे लक्ष वेधावयास हवे. पुस्तकातील प्रकरणांना 'रात्री' म्हटले आहे आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. आश्रमातील सायंप्रार्थना झाल्यावर श्याम आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो, हळूहळू गावातील माणसेही ऐकावयास येऊन बसतात. म्हणजे पुस्तकाच्या चौकटीत छात्रालयाची संध्याकाळच आहे. श्यामचे घर एका विशिष्ट जातीचे, विशिष्ट प्रदेशाचे, सोवळ्याओवळ्याचे. ऐकणारा समाज मात्र संमिश्र. सांगणारा आणि ऐकणारे यांच्यातील हे अंतर पुस्तकभर जाणवत राहते, आणि अनेकदा श्याम आपल्या बालपणीच्या घराकडे या श्रोत्यांच्या नजरेने पाहू लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण 'देवाला सारी प्रिय' या प्रकरणात मिळते. एका म्हाताऱ्या महार स्त्रीची मोळी खाली पडली आहे, ती पुन्हा डोक्यावर घेण्याचे बळ तिच्यात नाही, आणि स्पर्शाच्या भयाने कोणी पुढे होत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यावयास पाठविते. त्याच वेळी घरी येऊन स्नान करण्यासही सांगते. आईच्या करुणेचा पाठ म्हणून ही कथा वर्गावर्गांतून शिकविली गेली. ते स्नान कथेत आहे, हे सांगण्याचे मात्र बहुतेक वेळा टळते. गुरुजींनी ते गाळले नाही, येथे त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. आई आपल्या काळाची मर्यादा ओलांडते आणि तिच्यातच उभीही राहते. पण कथेत त्या म्हातारीला नाव नाही, तिच्या झोपडीपर्यंत कथा जात नाही, तिला नातू असेल तर तो शाळेत जातो की नाही हे कळत नाही. कांडपाला येणारी मथुरी आजारी पडते तेव्हा तिच्या घरचे दार थोडेसे उघडते, इतकेच. वर्गात ज्या मुलाची आजी अशी मोळी वाहते त्या मुलाने या कथेत स्वतःला कोठे पाहावे, हा प्रश्न पुस्तकात उभा राहत नाही. तो उभा राहण्यासाठी मराठीला दया पवार यांच्या 'बलुतं'ची (१९७८) आणि प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी'ची (१९७९) वाट पाहावी लागली. तेथे बालपण प्रथमच दुसऱ्या बाजूने बोलू लागले.

गुरुजींना या उणिवेची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. त्यांच्या पुढील लेखनाचा पसारा पाहिला तर श्यामच्या अंगणाबाहेरची माणसे मुलांच्या वाचनात आणण्याची त्यांची धडपड दिसते. 'गोड गोष्टी' या मालेत त्यांनी परदेशी साहित्यकृती मराठी मुलांसाठी सुलभ करून सांगितल्या. जॉर्ज इलियटच्या 'सायलस मार्नर'चा 'मनूबाबा' झाला, ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'वरून 'दुःखी' आले, इराणी परंपरेतील सोराब आणि रुस्तुम आले. ही रूपांतरे मूळ कृतींना न्याय देतात का, हा वेगळा प्रश्न. मनूबाबा पुरता देशी माणूस होऊन जातो आणि त्यात इलियटची सूक्ष्म सामाजिक उपरोधदृष्टी हरवते. परंतु ज्या मुलाच्या हाती इंग्रजी पुस्तक कधीच येणार नव्हते त्याला एका परक्या विणकराचे एकटेपण कळले, हे मोल दुर्लक्षिण्याजोगे नाही. 'स्त्रीजीवन'मध्ये त्यांनी जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह सिद्ध केला आणि निरक्षर स्त्रियांच्या रचनेला छापील ग्रंथाची प्रतिष्ठा दिली. मुस्लिम समाजाच्या धर्मपरंपरेची ओळख मराठी वाचकाला व्हावी म्हणून लिहिलेले 'इस्लामी संस्कृती' त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

मुलीला वाचक म्हणून समोर ठेवणारे त्यांचे पुस्तक 'सुंदर पत्रे' हे होय. पुतणीला लिहिलेल्या या पत्रांत फुले, पक्षी, तारे, प्रवास, ग्रंथ, जगातील घटना असे विषय मोकळेपणाने येतात. गुरुजींच्या कथांतील स्त्री बहुतांशी आई किंवा बहीण असते, सोसणारी आणि देणारी. पत्रांतील मुलगी कुतूहल बाळगणारी आहे. तिला उपदेश कमी आणि माहिती जास्त दिली जाते. बालसाहित्याच्या अभ्यासकांनी 'श्यामची आई'च्या जोडीला हे पुस्तक ठेवून वाचावे, इतके त्यातील स्वर भिन्न आहेत.

स्वातंत्र्य दाराशी आले असता गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून उपोषण आरंभिले. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. मोळीच्या कथेतील लहान श्याम घरी येऊन स्नान करतो. त्याच श्यामचा निर्माता सत्तेचाळीस साली प्राण पणाला लावून पंढरीत बसला. या दोन बिंदूंमधील प्रवास हा त्यांच्या चरित्राचा खरा कणा होय. मात्र त्या प्रवासातून आलेली नवी बालकथा ते लिहू शकले नाहीत. कृती पुढे गेली, कथा मागे राहिली.

१९४८ च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाली, तेव्हा त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. १९४९ साली पुण्यास आचार्य शं. द. जावडेकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. भारतीय भाषांनी एकमेकींचे साहित्य वाचावे, तरुणांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, असा तिचा आशय होता. त्रिचनापल्लीच्या तुरुंगातील ती जुनी खंत येथे योजनेच्या रूपात प्रकटली. ती साकार होताना पाहण्यास ते राहिले नाहीत. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले.

नंतरचा इतिहास प्रामुख्याने एका पुस्तकाचा आहे. १९५३ साली आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' चित्रपट आला आणि १९५४ मध्ये त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पाठ्यपुस्तकांनी वेळोवेळी त्यातील उतारे घेतले. गुरुजींच्या नावाने सुरू झालेल्या कथामालेने गोष्टी सांगण्याची परंपरा शाळाशाळांतून चालविली, आणि छात्रालयातील कामाशी अधिक नाते जर कशाचे असेल तर ते या कथामालेचे आहे. २०१० अखेर त्यांच्या साहित्यावरील स्वामित्वहक्काची मुदत संपली. तेव्हापासून 'श्यामची आई' कोणालाही छापता येते. 'सुंदर पत्रे' आणि 'मनूबाबा' यांनाही तीच मोकळीक आहे. 'छात्रालय' दैनिकाचा प्रश्न निराळा. रोज एकच प्रत निघे, आणि ती ज्यांच्यासाठी होती त्या मुलांनी वाचली की तिचे काम झालेले असे.