पाटीवरचं नाव : राजाभाऊ महाकाल

इंदूरहून बसने उज्जैनला निघालात की नानाखेड्याच्या बसस्थानकावर उतरता. पिशव्या खाली ठेवतो न ठेवतो तोच रिक्षावाले 'महाकाल, महाकाल' असा पुकारा करत पुढ्यात येतात. ते मंदिराबद्दल बोलत असतात. पण ज्या स्थानकावर आपण उभे असतो, त्यालाही एका महाकालांचंच नाव आहे : शहीद राजाभाऊ महाकाल. घाईगर्दीत ती पाटी वाचतो कोण? आज आपण वाचू या.

राजाभाऊंचं मूळ नाव नारायण. २६ जानेवारी १९२३ रोजी उज्जैनमध्ये, महाकाल मंदिराचे पुजारी बळवंत महाकाल यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिंद्यांच्या काळापासून उज्जैनमध्ये मराठी माणसांचा राबता. महाकालाचं आजचं मंदिरही राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनीच पुन्हा उभं केलं. अशा गावात घरची पूजाअर्चा सांभाळत राजाभाऊंचं आयुष्य निवांत गेलं असतं. पण ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक झाले आणि देवासजवळच्या सोनकच्छ भागात काम करू लागले. १९४८ साली संघावर बंदी आली. काहीजण घरी परतले. राजाभाऊंनी काय करावं? सोनकच्छमध्ये चक्क हॉटेल काढलं! पोटाची सोय झाली, फिरायला चार पैसे मिळू लागले आणि सोबत्यांना भेटायला ठिकाणही झालं. बंदी उठली, तसे ते पुन्हा कामाला लागले.

तोवर देश स्वतंत्र झाला होता, पण गोवा नाही. १५१० पासून तिथे पोर्तुगीज होते. १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नागरी हक्कांसाठी आवाज उठवला. त्यांना गोव्यात बोलावणारे डॉ. ज्युलियांव मिनेझिस आणि तुरुंगवास भोगणारे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हे गोव्याचेच सुपुत्र. मे १९५४ मध्ये व्हिएतनामी सैनिकांनी दिएन बिएन फू इथे फ्रेंचांना हरवलं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला फ्रेंचांनी पाँडिचेरीचा कारभार भारताकडे सोपवला. पोर्तुगालचे सालाझार मात्र हटेनात. गोवा म्हणजे वसाहत नव्हे, आमचाच प्रांत, असं त्यांचं म्हणणं.

मग पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. तिच्यात समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघवाले असे एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एकत्र आले. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन गोव्यात शिरले. पुढे १५ ऑगस्टला देशभरातल्या सत्याग्रहींनी एकाच वेळी सीमा ओलांडायचं ठरलं. उज्जैनहून राजाभाऊ तुकडी घेऊन निघाले.

त्या दिवशी उज्जैनमध्येही झेंडावंदन होतंच. तिथे उभं राहून तिरंग्याला सलाम केला असता, तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. ते गेले सीमेवर, हातात तिरंगा घेऊन, निःशस्त्र. समोर पोर्तुगीज बंदुका. थांबण्याचा इशारा झाला, पण कुणी थांबलं नाही. गोळीबार सुरू झाला. पुढे असलेल्या वसंतराव ओकांच्या पायाला गोळी लागली. राजाभाऊंच्या डोक्यात गोळी घुसली. सागरच्या सहोद्राबाई राय याच सत्याग्रहात जखमी झाल्या. पुढे त्या लोकसभेवर निवडून गेल्या. राजाभाऊ मात्र वाचले नाहीत. वय अवघं बत्तीस. त्या एका दिवसात वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. राजाभाऊंवर पुण्यात अंत्यसंस्कार झाले. अस्थी उज्जैनला आल्या, तेव्हा गाव रस्त्यावर लोटलं.

गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ रोजी, तोही लष्करी कारवाईने. मग सहा वर्षं आधी निःशस्त्र जाऊन मेलेल्यांनी काय मिळवलं, असा प्रश्न आपल्यातला कुणीतरी विचारेलच. विचारायलाही हवा. मला उत्तर असं दिसतं : गोवा हा दोन सरकारांमधला कागदोपत्री वाद राहिला नाही, तो त्यांनी माळव्यातल्या, पंजाबातल्या साध्या घरांचा प्रश्न केला. स्वतः स्वतंत्र असलेला माणूस दुसऱ्याच्या पारतंत्र्यासाठी घर सोडून गेला, ही गोष्ट छोटी नाही.

पुढच्या वेळी नानाखेड्याला उतरलात, तर रिक्षात बसण्याआधी मिनिटभर थांबा आणि पाटी वाचा.