लंडनला शिकल्या, परीक्षा दिली स्कॉटलंडची : डॉ. रखमाबाई

बँकेतल्या नोकरीची शेवटची काही वर्षे माझ्याकडे शैक्षणिक कर्जाचे टेबल होते. मुलाला डॉक्टर करायला परदेशी पाठवणारे पालक समोर बसायचे. फी आणि हप्त्याचे गणित लगेच जमायचे, काळजी पुढची असायची. तिकडची पदवी घेऊन आल्यावर इथली परीक्षा सुटली नाही तर? मध्येच तिकडे बिनसले तर इथले कॉलेज वर्ग करून घेईल का? २०२२ साली युक्रेनहून परतलेल्या मुलांनी हेच विचारले आणि इथल्या कॉलेजांची दारे काही उघडली नाहीत. मला अशा वेळी डॉ. रखमाबाई आठवत. त्यांचा खटला पुष्कळांना ठाऊक आहे, पण डॉक्टरकीच्या प्रवेशाची हकीकत फारशी कोणी सांगत नाही.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यामुळे वैद्यकीची पुस्तके घरातच होती. पण अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लागले आणि पुढचे शिक्षण झाले ते घरी बसून वाचण्यावरच.

सासरी नांदायला जायचे नाकारल्यावर दादाजींनी १८८४ साली दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करतो म्हणून सांगितले. 'केसरी'ने त्यांच्याविरुद्ध लिहिले. आपल्या इंदूरच्या मंडळींनी लक्षात ठेवावे असे म्हणजे, शिवाजीराव होळकरांनी त्यांच्या धैर्यासाठी पाचशे रुपये दिले. व्हिक्टोरिया राणीने लग्न मोडले अशी एक कथा ऐकायला मिळते. पण प्रकरण मिटले ते जुलै १८८८ मध्ये, तडजोडीने. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला.

आता डॉक्टर व्हायचे, पण कुठे? ग्रँट मेडिकलने १८८३ पासून मुलींना घ्यायला सुरुवात केली होती. तरी ज्या शहरात नाव घराघरात चघळले गेले, तिथल्या वर्गात जाऊन बसणे सोपे नव्हते, असे मला वाटते. मार्ग दाखवला तो कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी. या बाईंची स्वतःची कथा ऐकण्यासारखी आहे. १८६९ साली एडिंबरा विद्यापीठात ज्या सात मुलींना वैद्यकीसाठी प्रवेश मिळाला त्यांतल्या त्या एक. रसायनशास्त्रात अव्वल आल्या, तर शिष्यवृत्ती खालच्या नंबरच्या मुलाला दिली. पुढे कोर्टानेही सांगितले की विद्यापीठ यांना पदवी द्यायला बांधील नाही. फी घेतली, शिकवले आणि कागद द्यायच्या वेळी हात वर! शेवटी पीची यांनी १८७७ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नची एम.डी. घेतली आणि परवान्यासाठी आयर्लंडची परीक्षा दिली. प्रवेश मिळणे आणि पदवी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या पुरते शिकल्या होत्या.

त्या सातजणींच्या म्होरक्या सोफिया जेक्स-ब्लेक यांनी १८७४ साली लंडनला स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. रखमाबाई १८८९ मध्ये तिथे दाखल झाल्या. इव्हा आणि वॉल्टर मॅकलॅरन दांपत्य व इतर हितचिंतकांनी पैसा उभा केला. रुग्णांजवळचे शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलात होई. इतर बहुतेक इस्पितळे विद्यार्थिनींना उभे करत नव्हती.

इथे एक बारकावा आहे. ही शाळा शिकवायची, पदवी देत नव्हती. परवाना हवा तर बाहेरच्या परीक्षक संस्थेकडे जायचे. लंडनच्या फिजिशियन आणि सर्जन कॉलेजांनी स्त्रियांना परीक्षेला बसू दिले ते थेट विसाव्या शतकात. एडिंबरा आणि ग्लासगोच्या कॉलेजांची संयुक्त परीक्षा मात्र १८८६ पासून स्त्रियांना खुली होती. म्हणून लंडनच्या बऱ्याच विद्यार्थिनी आगगाडीने उत्तरेकडे जाऊन परीक्षा देत. रखमाबाईंनीही तेच केले. १८९४ साली परवाना मिळाला आणि त्यापाठोपाठ ब्रसेल्सची एम.डी.ही. खटल्याच्या कोर्टात उभ्या राहिल्यापासून मोजले तर दहा वर्षे गेली. वय तोवर तिशीला आले होते.

आनंदीबाई जोशी त्यांच्या आधी, १८८६ साली, फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. पण परत आल्यावर थोड्याच महिन्यांत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या गेल्या. रुग्ण तपासायची संधी त्यांना मिळालीच नाही. रखमाबाईंना ती मिळाली. १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात मुख्य डॉक्टर म्हणून रुजू झाल्या. १९१८ साली सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेतली जागा चालून आली, ती नाकारून त्यांनी राजकोट संस्थानच्या जनाना इस्पितळाची निवड केली. १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईला आल्या. पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली. पुन्हा लग्न केले नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रुग्ण तपासण्यात त्यांची जवळजवळ पस्तीस वर्षे गेली होती, आणि ती सगळी गुजरात-काठेवाडातल्या बायकांसाठी.