ग्लॅडस्टन आणि होमरचे न दिसलेले आकाश

विल्यम ग्लॅडस्टन चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झाले. लिव्हरपूलमध्ये १८०९ साली जन्मलेल्या या उदारमतवादी पुढाऱ्याला राजकारणाइतकेच वेड होते प्राचीन ग्रीक महाकवी होमरचे. १८५८ मध्ये त्यांनी होमरवर तीन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. त्यांतले बरेचसे आज कुणी वाचत नाही. पण रंगांवरचे एक प्रकरण मात्र विज्ञानाच्या इतिहासात टिकून राहिले.

होमरच्या काव्यातले रंगांचे शब्द त्यांनी चिकाटीने वेचले. काळा आणि पांढरा पानोपानी, तांबडा क्वचित, बाकीचे त्याहून विरळ. समुद्र मद्यासारखा दिसणारा, आणि बैलही तसेच! ताज्या डहाळीला जो शब्द, तोच मधाला आणि भीतीने उतरलेल्या चेहऱ्यालाही. आकाश ताऱ्यांनी भरलेले, लोखंडाचे किंवा काशाचे असते. निळे कधीच नाही. पुढे ग्रीकमध्ये निळ्यासाठी रूढ झालेला शब्द होमर हेक्टरच्या केसांना लावतो.

ग्लॅडस्टन यांचा निष्कर्ष असा, की त्या काळच्या माणसांची रंग ओळखण्याची शक्ती अर्धविकसित होती. उजेड आणि अंधार यांतला फरक त्यांना पुरत असे. होमर रंगांध होता असे त्यांनी म्हटले नव्हते, तरी ते त्यांच्या तोंडी घातले गेले. १८६७ मध्ये लाझारुस गायगर या जर्मन पंडिताने आपल्या वेदांतही आकाशाला निळे म्हटलेले नाही, हे दाखवले. म्हणजे प्रश्न एकट्या होमरचा नव्हता.

निष्कर्ष चुकला, कारण शब्द नसणे म्हणजे दृष्टी नसणे नव्हे. तीन हजार वर्षांत डोळ्याची रचना एवढी बदलत नाही. निरीक्षण मात्र अस्सल होते. १९६९ मध्ये ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी ९८ भाषा तपासून मूलभूत रंगशब्दांची कसोटी मांडली: शब्द सर्वांना ठाऊक हवा, दुसऱ्या रंगाचा पोटभेद नको, एकाच वस्तूपुरता नको. आपला ‘हिरवा’ या कसोटीला उतरतो, ‘पोपटी’ उतरत नाही, कारण पोपटी हा हिरव्याचाच एक प्रकार. त्यांच्या मते भाषेत आधी काळा-पांढरा येतात, मग तांबडा, नंतर हिरवा आणि पिवळा. निळा त्यांच्याही मागून. पुढे या क्रमाला अपवाद सापडले, तरी निळ्याचे उशिरा येणे बहुतेक ठिकाणी खरे ठरले.

ग्लॅडस्टन यांची स्वतःचीच नजर म्हातारपणी अधू झाली. १८९४ मध्ये, पंतप्रधानपद सोडल्यावर, त्यांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. १९ मे १८९८ रोजी ते वारले. त्याच वर्षी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर ऑस्ट्रेलियाजवळच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर रंगीत लोकरीचे धागे घेऊन पोहोचले आणि तिथल्या लोकांचे डोळे तपासू लागले. निळा रंग त्यांना दिसत होता. गडद निळ्याला मात्र त्यांतले कित्येक जण काळ्याचाच शब्द वापरत होते.